मांडवात न म्हणायचा शब्द

कजाग, कैदाशीण, खाष्ट, जहांबाज, अवदसा. हे शब्द पाटीवर अक्षर गिरवायच्या आधीपासून माझ्या कानावर आहेत, आणि सगळे मी माझ्या आईच्या नावाने ऐकले आहेत. आता मी म्हातारी झाले, दात गेले, तरी कुणी ओट्यावर पान चघळत एखाद्या बाईला यातला शब्द लावला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यात राग थोडा असतो, किळस जास्त. माशी पडलेलं ताक ओठाला लागावं तसं तोंड होतं. परवाच शेजारचे पोट सुटलेले दोन बाप्ये शाळेतल्या नव्या बाईंबद्दल बोलत होते. पोरींना शाळेत न धाडणाऱ्या घरांत जाऊन त्या बाई चार शब्द सुनावून आल्या, एवढाच त्यांचा गुन्हा. एक म्हणाला, भलतीच जहांबाज दिसते. दुसरा खिदळला. मी आतूनच विचारलं, तुमच्या घरची पोरगी कुठल्या यत्तेत आहे हो? मग त्यांचा आवाज खाली गेला, म्हणजे मलाही एखादा शब्द लागला असणार.

आमचा पाडा जव्हार संस्थानातला, मोखाड्याच्या बाजूचा. दहाबारा झोपड्या, उतारावरची नाचणी, खालच्या ओहळाला लागून भाताची खाचरं. बाप मी लहान असतानाच गेला. दौऱ्यावरच्या कुणा अंमलदाराचं सामान वेठीने वाहून नेताना पावसात भिजला, ताप घेऊन घरी आला आणि उठलाच नाही. मागे आई, माझी मोठी बहीण आणि मी. विधवा बाईने खाली मान घालून भावकीच्या दारात बसावं, कुणी दिलं तर खावं, अशी सगळ्यांची अपेक्षा. आईने पदर खोचला आणि शेत स्वतः करायला घेतलं. झालं, पहिला शब्द तिथेच लागला. बाई कसली, बाप्या आहे बाप्या.

एक सांगून ठेवते, नाहीतर मी आईची आरती ओवाळते आहे असं वाटेल. आई गरीब गाय नव्हती. तिचा हात चालायचा आणि तोंड त्याहून जास्त चालायचं. भाताच्या आवणीला सगळा पाडा एकमेकांच्या खाचरात उतरायचा, तेव्हा कोण कुठे वाकणार, कोण रोपं आणून देणार, हे आईच सांगायची. दुसऱ्याच्या सुनेलाही ती सोडायची नाही. रोप तिरकं लावलं तर बांधावरून अशी ओरडायची की पलीकडच्या टेकडीवरचे गुराखी वळून बघायचे. आम्हा दोघी बहिणींना तिने कितीदा झोडपलं असेल, त्याची मोजदाद नाही. मी हळू बोलले तरी मार. तोंडात काय नाचणीचं पीठ धरलंय का, असं म्हणायची. बाईने बोलायचं तर मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर बोलूच नये, असा तिचा कायदा. ती आमच्या डोंगरी बोलीत बोलायची. इथे मी तिचं बोलणं शाळेच्या मराठीत उतरवते आहे, आणि त्यात तिचा अर्धा तिखटपणा गळतो, पण इलाज नाही.

तर ती दांडगी होती, हे खरं. पण पाड्यात दांडगे बाप्ये थोडे होते का? पाटलाचा थोरला भाऊ तर बैलालाही शिव्या दिल्याशिवाय पाणी पाजत नसे. त्याला सगळे म्हणायचे, कडक माणूस. पाटील स्वतः कुणाच्याही अंगणात शिरून कोयता उचलून न्यायचा, तो जबरदस्त. जावयाला भर बाजारात थोबाडीत मारणारा एक म्हातारा होता, तो करारी. बाप्यांसाठी सगळे शब्द धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेले. बाईची वेळ आली की मोरीतले शब्द बाहेर काढायचे. दहा वर्षांच्या पोरीलाही हे दिसत होतं, मोठ्यांना दिसत नव्हतं असं मी मानत नाही.

पाटलाचं आणि आईचं वाकडं आलं ते कोंबड्यांवरून. अंमलदार दौऱ्यावर आला की पाड्याने वेठ द्यायची, दूध द्यायचं, गवत द्यायचं, कोंबडी द्यायची. ते गोळा करायचं काम पाटलाचं. एका हिवाळ्यात त्याने झाडून प्रत्येक चुलीमागची कोंबडी नेली. आमची तर अंड्यावर बसलेली होती, ती खुराड्यातून ओढून नेली. दुसऱ्या दिवशी अंमलदाराचा तंबू उठला तेव्हा सगळा पाडा हात जोडून उभा होता. आई पुढे झाली आणि अगदी काळजीने विचारलं, साहेब, एवढ्या कोंबड्या खाल्ल्यात, पोट तर नाही ना दुखलं? साहेबाला काही कळेना. त्याने शिपायाकडे पाहिलं. शिपाई म्हणाला, काल एकच कोंबडी शिजली होती. मग सगळ्यांनी पाटलाकडे पाहिलं, आणि पाटील पायाखालच्या दगडाकडे बघत बसला.

अंमलदार हसला आणि घोड्यावर बसून गेला. पण पाटलाची पाड्यात जी शोभा झाली, ती झालीच. पोरं त्याच्या मागून कोंबडीसारखी कुकूक करत पळायची. त्या दिवसापासून त्याच्या तोंडी आईचं नाव गेलं आणि कैदाशीण आलं. हळूहळू ज्यांच्या कोंबड्या गेल्या होत्या तेही तिला कैदाशीण म्हणू लागले. याची मला सगळ्यात घाण वाटते. तिने तोंड उघडलं ते त्यांच्याही कोंबड्यांसाठी.

आईला या शब्दांचं काही वाटत नसे. म्हणायची, कजाग म्हटल्याने अंगाला भोक पडत नाही. आणि हे सगळे शब्द आमच्याकडे लग्नात गाण्यातून म्हटले जायचेच. आमच्या डोंगरात लग्न भटजी लावत नाही, बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. ती गाऊन लग्न लावते. आणि ती गायला बसायच्या आधी दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसून एकमेकींच्या विहिणीला गाण्यातून शिव्या घालतात. विहिणीला काय वाट्टेल ते म्हणावं, तिने हसून घ्यावं आणि दुप्पट परत करावं, अशी रीत. जी विहीण चिडेल ती हरली. यात आळशी, खादाड, चोरटी, कजाग, सगळं चालतं. फक्त एक शब्द चालत नाही. तो शब्द भुताळी.

भुताळी म्हणजे जी नजरेने पोर मारते, गाय आटवते, उभ्या पिकाला करपवते ती बाई. बाकीचे शब्द तोंडातून निघून वाऱ्यावर जायचे. हा लागला की बाईला गाव सोडावं लागायचं. सोडलं नाही तर काय होतं, हे आम्हा पोरींना कुणी सांगत नसे, पण खालच्या ओहळापलीकडे एक ओसाड जोतं होतं आणि तिकडे काटक्या गोळा करायला आम्हाला जाऊ देत नसत. म्हणून हा शब्द भांडणातही कुणी उच्चारायचं नाही, थट्टेत तर नाहीच.

बहिणीचं लग्न ठरलं ते वावर-वांगणीकडच्या घरात. ठरलं म्हणजे काय, ती एक पावसाळा त्याच घरी नांदून आली होती. आमच्यात तसं चालतं. आधी संसार सुरू होतो आणि पीक हाताशी आलं की मग मांडव पडतो. बहीण तेव्हा चार महिन्यांची पोटुशी होती. नवरा साधा, थोडा घाबरट, पण तिच्यावर जीव टाकणारा. सासू देवभोळी. ती दर अमावास्येला भगताकडे जायची आणि शिंक आली तरी कौल लावायची. बहीण तिथे खुश होती. आईला एवढंच हवं होतं. पोरीचं पोर त्या घरात जन्मावं, त्या घराच्या देवाला लागावं, आपल्यासारखी वणवण तिच्या वाट्याला येऊ नये. यासाठी तिने दोन वर्षं धान राखून ठेवलं होतं.

मांडव आमच्या अंगणात पडला. सकाळी वऱ्हाड आलं, उन्हं वर आली तशी गाणी सुरू झाली. त्यांच्या बायकांनी आईला चांगलंच घेतलं. तिची कीर्ती तिकडेही पोचलेली होती. विहीणबाई कजाग, तिच्या चुलीत निजे वाघ, असं काहीतरी जुळवून त्यांनी सुरू केलं. आई गुडघ्यावर थाप मारून हसली. तिला त्या शब्दांवर इतकं मोकळं हसताना मी तेवढंच एकदा पाहिलं. तिने लगेच उलट गायलं, की वाघ माझा पाळीव, तुमच्या घरची मांजर मात्र दूध पिऊन विहिणीवर आळ घेते. सगळा मांडव हसला. बहिणीची सासूसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. बहीण हळद लावून बसली होती, तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं.

गाणाऱ्या बायका दम घ्यायला थांबल्या. पाटील मांडवाच्या मेढीला टेकून बसला होता, समोर मोहाची. त्या शांततेत तो मोठ्याने म्हणाला, "आता भुताळी पण म्हणून टाका की. ते कशाला राहू देता?"

तो प्यालेला होता, असं नंतर लोक म्हणाले. असेल. पण कोंबड्यांपासून तो शब्द त्याने कुठे जपून ठेवला होता, ते मला ठाऊक आहे. प्यालेल्या माणसाचा पाय अडखळतो, त्याचं वाक्य अडखळलं नव्हतं.

मांडवातलं एकही माणूस हसलं नाही. सासूच्या हातात तांदळाचं ताट होतं, ते तिने खाली ठेवलं. ती उठून आपल्या माणसांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, मग त्यांच्या सगळ्या बायका उठल्या. धवलेरी गायला बसायची होती, ती जागची हलली नाही. सासऱ्याने आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारलं, हे खरं का? म्हाताऱ्यांनी नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. पाटील उगाच बडबडला म्हणाले असते तरी भागलं असतं. एकाने ओहळाकडे पाहिलं, एकाने डोकं खाजवलं. तिसरा म्हणाला, बाई तशी कजागच आहे. कजाग! ज्या शब्दावर घटकाभरापूर्वी सगळा मांडव हसत होता, तोच शब्द त्याने पुरावा म्हणून पुढे केला. मग एकेकाला आठवायला लागलं. गेल्या साली कुणाचं वासरू मेलं, त्याआधी आई तिथे ओरडून आली होती. कुणाचं पोर खंगून गेलं, आईने त्याच्या आईला बांधावर झापलं होतं. ती ज्याच्या ज्याच्यावर ओरडली होती, त्या प्रत्येकाच्या घरचं काही ना काही मेलेलंच होतं, कारण मोखाड्याच्या डोंगरात पावसाळ्यात प्रत्येकाच्याच घरी काहीतरी मरतं.

भगत मांडवातच होता. पाटलाच्या पंगतीला बसणारा, त्याच्याच भांड्यातली पिणारा. त्याने सुपात तांदूळ घेतले, बोटाने फिरवले, डोळे मिटून बरंच काय काय पुटपुटला आणि दाणे बघून सांगितलं की आहे. आई तोवर उभीच होती. मला वाटलं आता ही मुसळ उचलणार. मी मुसळ कुठे आहे ते बघूनही ठेवलं होतं. पण ती पाटलाकडे बघत नव्हती, भगताकडेही नाही. ती बहिणीकडे बघत होती.

सासरा म्हणाला, मग पोरगी आम्हाला नको, तिचं पोरही नको. नवरा काहीतरी बोलायला गेला, सासूने त्याला मागे ओढलं. बहिणीचं तोंड हळदीखालूनही पांढरं दिसत होतं. पोटात पोर घेऊन ती परत आमच्या झोपडीत आली असती, तर भुताळीची पोर म्हणून तिला आणि भुताळीचं नातवंड म्हणून त्या पोराला कुठल्याच पाड्याने दारात उभं केलं नसतं. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. भगतालाही कळत असावं, किंवा लग्न मोडलं तर आपलं जेवण जाईल हे कळलं असावं. तो म्हणाला, एक तोड आहे. पोरीने सगळ्यांदेखत आपल्या तोंडाने आईला भुताळी म्हणायचं. मग तिची नाळ तुटली, ती तुमची झाली. आणि म्हातारीने दिवस मावळायच्या आत शीव ओलांडायची.

असली रीत आमच्यात कुठे होती, असं कुणी विचारलं तर सांगते, कुठेही नव्हती. पुढे मी पुष्कळ म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं. भगताने ती तिथल्या तिथे, ढेकर देत काढली होती. पण त्या मांडवात कुणीही विचारलं नाही.

बहीण मान हलवत राहिली. नाही, नाही. सासरा म्हणाला, नाही तर राहू दे. तिने आईकडे पाहिलं, आणि आईने तिला झापलं. आवणीत रोप तिरकं लावल्यावर झापायची तशीच.

"माझ्याकडे काय बघतेस? म्हण."

बहिणीच्या तोंडातून काहीतरी निघालं, कुणालाही ऐकू गेलं नाही. आई एक पाऊल पुढे आली.

"पुटपुटू नकोस. मोठ्याने म्हण. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

बहिणीने डोळे मिटले आणि म्हटलं. इतक्या मोठ्याने म्हटलं की मांडवाबाहेर बांधलेला बैल दचकला. माझी आई भुताळी आहे. आईने मान डोलावली, काम नीट झालं की डोलावायची तशी. मग धवलेरीकडे वळून म्हणाली, तू कशाला थांबलीस, गा आता. घरात जाऊन तिने एक घोंगडी, एक कोयता आणि एक पितळी घेतली आणि माझा हात धरून अंगणातून निघाली. आम्ही पायवाटेला लागलो तेव्हा मागे धवलेरीचं गाणं सुरू झालं. ओहळावर आल्यावर आई वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि चूळ भरली. पुन्हा घेतलं, पुन्हा भरली. कितीतरी वेळ ती नुसती चुळा भरत होती. मी विचारलं, काय झालं. तर म्हणाली, काही नाही, चल.

आम्ही जव्हारला आलो. तिथे आई मोठ्या घरांमधून भात कांडायला लागली. त्यातल्या एका घरच्या बाईंनी मला मुलींच्या वर्गात घातलं. मी तिथे सगळ्यांत थोराड पोर, ग म भ न गिरवणारी. पुढे त्याच गावात मी पोरींना अक्षरं शिकवली. तेव्हा भुताळी या शब्दानेच माझं भलं झालं असं एकदा कुणीतरी मला सुनावलं होतं. मी त्याला ओट्यावरून हाकलला.

जव्हारात भुताळी कुणी म्हणत नव्हतं. तिथले शब्द जास्त शिकलेले. आई कांडायला आली आहे, अंगण झाडायला नाही, असं तिने सांगितलं की ती जहांबाज. कोंडा आपल्या वाट्याचा आहे म्हटलं की तोंडाळ. एका घरात सासूबाई म्हणाल्या, कांडपीण कामाला चोख, पण तोंडाने कैदाशीण. याच सासूबाईंना त्यांच्या सुना माजघरात खाष्ट म्हणायच्या, आणि सुनांपैकी जी पहिली बोलायला लागली तिला त्या सासूबाई कजाग म्हणायच्या. सगळ्या एकमेकींना तेच उष्टं वाढत होत्या. आणि त्याच घरचे यजमान, कचेरीत कारकुनाच्या अंगावर दौत फेकणारे, ते मोठे शिस्तीचे. कान किटायचे माझे. आई मात्र कांडत राहायची.

बहिणीला आम्हाला भेटायची मनाई होती. नाळ तुटलेली ना. पण दसऱ्याला सगळं संस्थान जव्हारला लोटायचं. राजाची स्वारी निघायची, डोंगरातून माणसं चालत यायची. आई सकाळपासून एका चिंचेखाली उभी राहायची, जागा बदलायची नाही. पहिल्याच दसऱ्याला बहीण दिसली, सासरच्या गोतावळ्यात. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. कडेवरचं पोर तिने दोन्ही हातांनी वर उचललं, स्वारी दाखवायला उचलावं तसं. स्वारी तिकडे आणि पोराचं तोंड आमच्याकडे. सासू म्हणाली असेल, अगं, उलटं धरलंस. आई त्या पोराकडे बघत राहिली आणि गर्दी पुढे गेली. पुढे दर दसऱ्याला असंच. पोरं वाढली, दुसरं झालं, तिसरं झालं, प्रत्येकाचं तोंड एकेकदा चिंचेकडे झालं. आमच्या आईने आपली नातवंडं तेवढीच पाहिली.

एका दसऱ्याला त्या चिंचेखाली पाटील आला. म्हातारा झालेला, काठी टेकत, बरोबर दोनतीन माणसं. आईला पाहून त्याचा चेहरा फुलला. खरंच फुलला. बरोबरच्यांना म्हणाला, ही आमच्या पाड्याची, मोठी करारी बाई, अशा खमक्या बायका आता राहिल्या नाहीत. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याला काही आठवतच नव्हतं. मांडव, मेढ, तो शब्द, काही नाही. एक बाई उभीच्या उभी उखडून टाकली आणि विसरून गेला. मला ओकारी आली, अगदी खरी, मी चिंचेमागे जाऊन आले. आईने त्याला एवढंच विचारलं, कोंबड्या काय म्हणतात? ते मात्र त्याला आठवत होतं. तो ओशाळा हसला आणि गर्दीत शिरला.

आई गेली ती गावाबाहेरच्या शिरपामाळावरून गवताचा भारा आणल्यावर, आजारी न पडता, भारा खाली ठेवून. मी निरोप कुणाकडे धाडला नव्हता, पण चौथ्या दिवशी बहीण आली. सासू मेलेली होती, तिला आता कुणी अडवत नव्हतं. केस पिकलेले, चेहरा आईचा. ती आत येईना, उंबऱ्यावरच बसली. तिने आईचं काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. बराच वेळ मातीवर बोटाने रेघा ओढत राहिली, मग म्हणाली,

"ती माझ्याबद्दल काय बोलायची?"

मी खरं ते सांगितलं. आई मांडवाचा विषय कधी काढत नसे. पण वर्गात माझ्या पोरी कविता पुटपुटतात अशी मी घरी तक्रार केली की ती म्हणायची, तुझ्या बहिणीला बघायचं होतंस तेव्हा. घाबरलेली होती, पोटुशी होती, तरी कसा खणखणीत आवाज काढला पोरीने. मागच्यांना ऐकू गेला. म्हणून घर राहिलं तिचं.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने जो हंबरडा फोडला तो मी आजवर कुणाचा ऐकलेला नाही. त्या मांडवापासून कोंडून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. आळीतली दारं उघडली. समोरच्या ओट्यावर चारपाच माणसं जमली, आणि त्यांतला एकजण, पान गालात सारत, दुसऱ्याला म्हणाला, काय घसा आहे, आईसारखीच जहांबाज दिसते.

ते आम्हा दोघींनाही ऐकू आलं. बहीण एकदम गप्प झाली आणि पदर तोंडात कोंबायला लागली. मी उठले. दाराची मिटलेली दुसरी फळीही सताड उघडली, तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि तिच्या तोंडातला पदर ओढून काढला.

"रड," मी म्हटलं. "मोठ्याने रड. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."